पियानोवरचे हात कुणाचे?

जॅझ पियानोवरच्या लेखांनंतर आलेली निम्म्याहून अधिक पत्रं सिनेमाविषयी आहेत, संगीताविषयी कमी. त्याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडे बहुतेकांना पियानो आधी पडद्यावर भेटतो आणि प्रत्यक्षात नंतर, भेटलाच तर. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत, लांब पत्रांना कात्री लावली आहे.

‘कॅसाब्लांका’ पुन्हा पाहिला. त्यातला सॅम खरंच पियानो वाजवतो का? नट स्वतः वाजवतोय की नाही, हे आमच्यासारख्या न वाजवणाऱ्यांनी कसं ओळखायचं? — निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर

नाही वाजवत. सॅमचं काम करणारे डूली विल्सन गायक आणि ड्रमवादक होते. १९२०च्या दशकात ते स्वतःचा बँड घेऊन युरोपात हिंडले होते, पण पियानो त्यांना येत नव्हता. चित्रीकरणाच्या वेळी एलियट कार्पेंटर नावाचे पियानोवादक कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, विल्सनना दिसतील असे बसून वाजवत, आणि त्यांच्या हातांकडे पाहत विल्सन आपले हात हलवत. गळा मात्र विल्सन यांचाच. चित्रपटाचा नायक रिक याच्या कॅफेतला तो छोटा पियानो २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ३४ लाख डॉलरना गेला. कार्पेंटर यांचं नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही.

ओळखण्याचं म्हणाल, तर सगळे उजव्या हाताकडे पाहतात, कारण गाण्याची चाल तिथे असते. चोरी पकडली जाते ती डाव्या हातात. खर्जातले सूर ऐकू येतायत आणि नटाचा डावा हात पोटासमोरच रेंगाळतोय, असं दिसलं की समजावं. दुसरी खूण कॅमेऱ्याची. चेहरा आणि बोटं एका चौकटीत कधीच येत नसतील, किंवा कॅमेरा हट्टाने पियानोच्या पलीकडच्या बाजूलाच उभा असेल, तर हात दुसऱ्याचे. तिसरी खूण खांद्यांची. जोरकस सूर मनगटातून येत नाही, त्याआधी खांद्यातून वजन खाली उतरतं. नकली वादकाचे खांदे सूर वाजून गेल्यावर हलतात.

या कसोटीवर ‘रे’मधले जेमी फॉक्स पूर्ण उतरतात. ते लहानपणापासून पियानो शिकलेले आणि कॉलेजातही पाश्चात्त्य अभिजात पियानोच शिकलेले. ‘ला ला लँड’मध्ये ऐकू येणारा पियानो रँडी कर्बर यांचा आहे, पण रायन गॉस्लिंग सगळ्या चाली शिकले आणि पडद्यावरचे हात त्यांचेच आहेत. ‘ग्रीन बुक’मध्ये पियानोवादक डॉन शर्ली यांच्या भूमिकेतले माहर्शला अली बसतात छान, पण अवघड जागी वाजवणारे हात क्रिस बोवर्स यांचे आहेत. आपल्या पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’साठी आयुष्मान खुराना पियानो शिकले आणि हातांसाठी बदली माणूस घेतला नाही. त्या चित्रपटात तर ते आवश्यकच होतं. नायक आंधळेपणाचं सोंग घेतो, त्याची बोटं पट्ट्यांवर आणि नजर भलतीकडे असते, आणि खुनाच्या प्रसंगात तर प्रेत पाहूनही बोटं थांबवायची सोय नसते. तिथे हात आणि चेहरा वेगवेगळे दाखवले असते तर प्रसंगच कोसळला असता.

तरीही माझं मत विल्सन यांच्या बाजूने आहे. ते ड्रमवादक होते. त्यांचे हात चुकीच्या पट्टीवर पडत असतील, पण लयीत पडतात. लय खोटी असती तर आपल्याला पहिल्याच प्रसंगात शंका आली असती.

मी पेटी वाजवतो. पियानोही ठरलेल्या पट्ट्यांचाच. मींड नाही, श्रुती नाहीत. मग जॅझमधला तो दोन सुरांमधला रडवेला सूर पियानोवर येतो कुठून? आणि हे लोक ‘मनाचं’ वाजवतात ते नेमकं काय धरून? — पेटीवादक, मिरज

हा प्रश्न पेटीवालाच विचारणार. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१मध्ये सैल होईपर्यंत तुमच्या आधीच्या पिढीने याच आरोपाला उत्तरं दिली. पियानोवरही तोच आरोप होतो: सप्तकाचे बारा समान तुकडे, मधलं काही नाही.

जॅझच्या मुळाशी असलेलं ब्लूज गाणारे लोक गंधार आणि निषाद कोमल व शुद्ध यांच्या मधल्या जागी लावत. पियानोवर ती जागाच नाही. म्हणून वादकांनी युक्ती काढली. पांढरी एक हा षड्ज धरा. कोमल गंधार काळी दोन, शुद्ध गंधार पांढरी तीन. काळ्या पट्टीवरचं बोट न उचलता तसंच पांढरीवर घसरू द्या. दोन सूर इतक्या पाठोपाठ वाजतात की कान त्यांचा एक वळलेला सूर करून घेतो. पांढरी पाचलाही हे जमतं. काळी एकला मात्र कोमल गंधार पांढरी तीनवर आणि शुद्ध गंधार पांढरी चारवर येतो. दोन्ही पट्ट्या एकाच पातळीत, बोट घसरायला उतारच नाही. आज संध्याकाळी पेटीवर करून पाहा. फरक लगेच कळेल, पण पियानोइतका गोड येणार नाही, कारण पियानोचा सूर हातोडीच्या टोल्याबरोबर जन्मतो आणि लगेच विरू लागतो. पहिल्या सुराचं टोक झिजत असतानाच दुसरा येतो. भात्याच्या अखंड हवेत ते झिजणं नाही.

थेलोनिअस मंक यांनी याच्या पुढे मजल मारली. ते शेजारच्या दोन्ही पट्ट्या एकदम दाबत, मग एक सोडून देत. उरलेला सूर वाकल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा ऐकताना बोट चुकलं असंच वाटतं, आणि त्या काळच्या कित्येक समीक्षकांनाही तसंच वाटलं होतं. बोटं सपाट ठेवून, अंगठ्या घातलेल्या हातांनी वाजवणाऱ्या या माणसाला पियानो येत नाही, असं लिहिणारे होते.

आता ‘काय धरून’ ते. आपल्याकडे राग आणि ताल धरून बढत होते. जॅझमध्ये बहुधा एखाद्या गाण्याचा सांगाडा धरतात. तो सांगाडा बहुतेकदा ३२ बारचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या ३२ खंडांचा असतो, ब्लूज असेल तर १२ बारचा, आणि प्रत्येक बारमध्ये कोणता कॉर्ड येणार, म्हणजे कोणते सूर एकत्र वाजणार, ते ठरलेलं असतं. चाल एकदा वाजवायची, मग ती बाजूला ठेवून त्याच कॉर्डांच्या आवर्तनावर नवी चाल रचत फिरायचं. तुम्ही समेकडे लक्ष ठेवता तसं ते सांगाड्याच्या पहिल्या बारकडे ठेवतात. आपल्याकडे खालचा आधार तंबोऱ्यासारखा स्थिर असतो, त्यांच्याकडे तो दर एक-दोन बारला बदलतो. मुख्य फरक हाच.

आणि हा आधार डाव्या हाताने धरायचा की नाही, यावर जॅझ पियानोचा सगळा इतिहास उभा आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२०च्या सुमारास जेम्स पी. जॉन्सन, विली ‘द लायन’ स्मिथ, फॅट्स वॉलर वाजवत तेव्हा भाडं जमवण्यासाठी लोक घरातच मेजवान्या भरवत. आत येणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, एका पियानोवाल्याने घरभर माणसं नाचवायची. सोबतीला ड्रम नाहीत, बास नाही. म्हणून डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खाली खर्जात सूर मारी आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला उडी मारून मधल्या सप्तकात कॉर्ड देई. या पद्धतीचं नाव स्ट्राइड. एका डोळ्याने जवळजवळ न दिसणारे आणि दुसऱ्यानेही अंधुकच पाहणारे आर्ट टेटम या उड्या अशा वेगाने घेत की चांगले वादक त्यांच्यानंतर पियानोवर बसायला नकार देत. पुढे बास आणि ड्रमवाले कायमचे साथीला आले. खर्ज सांभाळायला दुसरा माणूस मिळाल्यावर बड पॉवेल यांनी डावा हात जवळजवळ रिकामा केला, अधूनमधून एखादा तुटक कॉर्ड तेवढा. बिल एव्हन्स तर कॉर्डमधला मूळ सूरच गाळू लागले, कारण तो बासवाला वाजवणारच असतो. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये झालेलं त्यांचं ध्वनिमुद्रण मिळवून ऐका. बासवर स्कॉट लाफारो आहेत. त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात ते गेले, वय २५. पेटीची साथ करणाऱ्याने तर ते ऐकावंच. साथ आणि मुख्य वादन यांतली रेघ तिथे पुसली गेली आहे.

एम.ए.च्या मुलांना संगीतावरची एक परदेशी कथा शिकवायची आहे. जॅझ पियानोवादकावर काय घ्यावं? — प्राध्यापिका, नांदेड

जेम्स बाल्डविन यांची ‘सनीज ब्लूज’. १९५७ची कथा. दुसरा पर्याय शोधू नका.

कथा सांगतो तो पियानोवादक नाही, त्याचा थोरला भाऊ आहे. हार्लेममध्ये बीजगणित शिकवतो, सरळमार्गी आहे, थोडा कोरडा आहे. धाकटा सनी हेरॉइनच्या प्रकरणात पकडला गेल्याची बातमी तो वर्तमानपत्रात वाचतो, तिथून कथा सुरू होते. या भावाला संगीतातलं काही कळत नाही. सनीने कधीकाळी जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं नाव घेतलं तेव्हा त्याला तो कोण हेही माहीत नव्हतं. बाल्डविन यांची सगळी हुशारी या निवडीत आहे. संगीत कळणारा निवेदक घेतला असता तर त्याने कॉर्ड समजावले असते. न कळणारा घेतल्यामुळे त्याला भावाच्या चेहऱ्याकडे, घामाकडे, शेजारच्या वादकांच्या नजरांकडे पाहावं लागतं, आणि वाचकालाही.

शेवटचा प्रसंग क्लबमधला आहे. सनी वर्षभर पियानोला शिवलेला नाही. पहिलं गाणं नीट लागत नाही, आणि लेखक ते लपवत नाही. बासवर असलेला क्रिओल नावाचा वयस्कर वादक त्याला कधी धरतो, कधी पुढे ढकलतो. संगीतावरच्या कथांत वादक बसतो आणि जादू होते. इथे आधी वाजवणं फसतं, मग सावरतं, आणि ते सावरण्यात इतर तिघांचा वाटा असतो. प्रत्यक्षात जॅझ असंच घडतं. मुलांना विचारा, की थोरल्या भावाची लहान मुलगी पोलिओने गेली, ही घटना बाल्डविन यांनी संगीताच्या कथेत का ठेवली. तास पुरणार नाही.

जोडीला काही द्यायचं असेल तर जेम्स वेल्डन जॉन्सन यांची १९१२ची कादंबरी ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ ॲन एक्स-कलर्ड मॅन’ द्या. ती प्रथम लेखकाच्या नावाशिवाय छापली होती. तिचा नायक रॅगटाइम वाजवतो आणि शेवटी गोरा म्हणून जगणं पत्करतो. जेफ डायर यांचं ‘बट ब्यूटिफुल’ मुलांना आवडेल, मंक आणि पॉवेल दोघांवरही त्यात प्रकरणं आहेत, पण ती कल्पनेने रंगवलेली आहेत हे आधीच सांगा. नाहीतर परीक्षेत ती चरित्र म्हणून उतरतील. नाटकांत ऑगस्ट विल्सन यांचं ‘द पियानो लेसन’ आहे, त्यावर २०२४मध्ये चित्रपटही आला. त्यात पियानो वाजण्यापेक्षा वारसा म्हणून महत्त्वाचा आहे, म्हणून ते तुमच्या विषयाच्या जरा कडेला पडतं.

जॅझ पियानोवादक म्हटला की दारू, नशा, वेड, अकाली मृत्यू. हे खरं की सिनेमावाल्यांची हौस? — गृहिणी व हौशी श्रोता, पुणे

थोडं खरं आहे, आणि जे खरं आहे त्याची कारणं सिनेमा क्वचितच सांगतो.

बड पॉवेल यांचंच पाहा. १९४५ साली, वयाच्या विशीत, फिलाडेल्फियात पोलिसांनी त्यांच्या डोक्यावर मारलं. त्यानंतर इस्पितळं, विजेचे झटके, पुन्हा इस्पितळं. १९५९मध्ये ते पॅरिसला गेले, तिथे फ्रान्सिस पॉद्रा नावाच्या चाहत्याने त्यांना घरी ठेवून सांभाळलं. १९६६मध्ये न्यूयॉर्कला ते वारले, वय ४१. या मैत्रीवरून बर्त्रां ताव्हर्निए यांनी १९८६मध्ये ‘राउंड मिडनाइट’ काढला. त्यात नायक मात्र सॅक्सोफोनवाला केला आहे, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्या आयुष्याचेही धागे त्यात मिसळले आहेत. ती भूमिका केली खऱ्याच सॅक्सोफोनवादकाने, डेक्स्टर गॉर्डन यांनी, आणि त्यांना अभिनयाचं ऑस्कर नामांकन मिळालं. संगीताचं ऑस्कर पियानोवादक हर्बी हँकॉक यांना मिळालं. चित्रपट उत्तम आहे. फक्त त्यातला पॅरिसचा निळसर उदासपणा पाहून ते आजारपण कलेतून आलं असं वाटू शकतं. ते काठीतून आलं होतं.

मंक यांची गोष्ट अशीच. न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागे. १९५१ साली पॉवेल आणि मंक एका गाडीत असताना अमली पदार्थ सापडले. मित्राविरुद्ध बोलायला मंक यांनी नकार दिला आणि कार्ड गेलं. १९५७पर्यंत स्वतःच्या शहरातल्या क्लबांत त्यांना रीतसर वाजवता आलं नाही. विक्षिप्तपणाच्या कहाण्या सगळ्यांना ठाऊक असतात, ही सहा वर्षं कुणाला ठाऊक नसतात.

आणि उलट बाजूची यादी केवढी तरी मोठी आहे. ड्यूक एलिंग्टन १९७४मध्ये मरेपर्यंत बँड चालवत आणि लिहीत होते. डेव्ह ब्रूबेक ९१ वर्षं जगले, संसारी गृहस्थ. ऑस्कर पीटरसन यांना १९९३मध्ये पक्षाघात झाला, डावा हात अधू झाला, तरी ते मंचावर परत आले. मेरी लू विल्यम्स यांनी १९४५मध्ये ‘झोडियाक स्वीट’ रचला आणि धाकट्या पिढीतल्या मंक-पॉवेलना स्वतःच्या घरी जमवून वाजवतं ठेवलं. हेझल स्कॉट यांच्यावर तर चित्रपट हवाच. हॉलिवुडमध्ये काळ्या बायकांना मोलकरणीच्या भूमिका मिळत त्या काळात त्यांनी तशा भूमिका सरळ नाकारल्या. ‘द हीट्स ऑन’मध्ये त्या दोन पियानो एकाच वेळी वाजवतात, आणि हात त्यांचेच आहेत. १९५०मध्ये त्यांना स्वतःचा दूरचित्रवाणी कार्यक्रम मिळाला. कम्युनिस्ट असल्याच्या संशयाच्या यादीत नाव आलं आणि त्याच वर्षी तो बंद पडला. नशा नाही, वेड नाही, म्हणून पटकथालेखकाला त्यात काही दिसत नसावं.

‘द लेजंड ऑफ १९००’मधला जेली रोल मॉर्टनबरोबरचा सामना खरा घडला होता का? — बारावीतला विद्यार्थी, अकोला

नाही. जहाजावर जन्मलेला तो नायकच इटालियन लेखक अलेस्सांद्रो बारिक्को यांच्या कल्पनेतला आहे. मॉर्टन मात्र खरे, आणि चित्रपटात आहेत तितकेच बढाईखोर. जॅझ आपणच १९०२ साली शोधून काढला असं ते सांगत. पियानोवाल्यांचे सामने हार्लेममध्ये खरोखर होत. सामन्याच्या शेवटी नायक करतो तशी तारांवर सिगरेट पेटवून मात्र पाहू नकोस. पियानोच्या तारा इतक्या तापत नाहीत, आणि तू बारावीत आहेस.

आमचे आजोबा मुंबईच्या हॉटेलांत बँडमध्ये वाजवायचे, असं घरात सांगतात. त्या काळच्या मुंबईत जॅझ पियानो खरंच होता, की ते नुसतं नाचाचं संगीत होतं? — म्हापसा, गोवा

होता, आणि थेट उगमाकडून आलेला होता. टेडी वेदरफर्ड हे शिकागोतले नावाजलेले पियानोवादक. १९२६मध्ये त्यांनी एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलं. त्याच वर्षी ते पूर्वेकडे निघाले, शांघायला गाजले आणि १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. पुढे ते कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेले, आणि १९४५मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारले. अमेरिकेत त्यांचं नाव फारसं उरलं नाही. आपल्याकडे त्यांच्यासोबत वाजवलेल्या गोवेकर मंडळींच्या हातांत ते उरलं.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकत, म्हणून हॉटेलांच्या बँडमध्ये त्यांना मागणी होती. मिकी कुरैया यांचा बँड ताजमध्ये १९३९पासून दोन दशकं चालला. लुसिला पाशेको यांच्यासारख्या पियानोवादक रात्री बँडमध्ये आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत. जुन्या गाण्यांत नायक पियानोवर बसून विरहाचं गातो तेव्हा ऐकू येणारी बोटं बरेचदा अशाच कुणाची असतात, आणि तबकडीवर त्यांचं नाव नसतं. ‘नुसतं नाचाचं’ म्हणून त्याला हिणवू नका. हार्लेममध्येही लोक नाचतच होते. १९५८मध्ये ब्रूबेक मुंबईत आले तेव्हा त्यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवलं. एलिंग्टन १९६३मध्ये येऊन गेले. सविस्तर वाचायचं असेल तर नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ इंग्रजीत आहे. मराठीत या विषयावर अजून बरंच लिहायचं बाकी आहे.

तुमच्या पत्रात ट्रंकेतल्या जुन्या फोटोंचा आणि हाताने लिहिलेल्या स्वरलिपीच्या वह्यांचा उल्लेख आहे. त्या रद्दीत देऊ नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नावं, हॉटेल आणि अंदाजे साल लिहून घ्या. पियानोवर कोण बसलंय ते आधी विचारा. इतर वाचकांच्या घरीही असं काही असेल तर मूळ पाठवू नये, छायाप्रत पाठवावी.